नव्या चादरीला भोक पाडणाऱ्या अक्कांना

अक्का, तुम्ही आधी बोलायचं होतं. थोरल्या तुम्ही होता. भांडण तुम्ही उकरलं होतं, माझ्या पोरीच्या लग्नातल्या नव्या कोऱ्या चादरींना भोकं तुम्ही पाडली होती, म्हणजे बोलायची पाळीही तुमचीच होती. मंदाच्या लग्नापासून आपण दोघी जावा एका छपराखाली राहिलो, एका चुलीवरचं खाल्लं आणि एकमेकींना एकदाही हाक मारली नाही. अक्का आधी बोलल्या तरच मी बोलणार, असं मी मनाशी पक्कं धरून बसले होते. आणि तुम्ही काय केलंत, तर गेल्या आठवड्यात एका सकाळी, मी भाकरी थापत असताना, काही न बोलता निघून गेलात. माझ्या भाषेत ह्याला पळून जाणं म्हणतात.

माणसं येतात, सोप्यात बसतात, "लई गुणाची बाई हुती" म्हणतात. मी मान हलवते. गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढंच काढायचं असतं हे मलाही कळतं. पण चांगलं काढायला एवढी माणसं येऊन जातायत की माझ्यासाठी तेवढंच काम उरलंय, जे खरं आहे ते सांगायचं. मंदा म्हणाली, "आई, मनात ठिऊ नगंस, लिहून काढ." म्हणून लिहायला घेतलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हा तुमचं काही बिघडणार नाही.

तुम्ही ज्यांना शिव्या घातल्या त्या मागांवरच तुमची भाकरी शिजत होती, इथून सुरुवात करते. सासऱ्यांनी गिरणीतली नोकरी सोडून जुने माग आणले, पुढं कारखाना आणि मागं घर केलं. थोरले भाऊजी लवकर गेले. कारखाना आमच्या ह्यांच्या अंगावर पडला आणि विक्रीचं माझ्या. तुमच्या अंगावर काय पडलं, तर दुपारची झोप. मी हे तेव्हाही म्हणत होते, आताही म्हणते.

मग दुष्काळ आला. खेड्यातली माणसं खडी फोडायला रस्त्यावर गेली. ज्यांच्या घरात ज्वारी नाही ती चादर कशाला घेतील? पेठेतला माल जागच्या जागी बसला. तुम्ही म्हणालात, "मग माग थांबवा की." किती सोपं. माग थांबला की कामगार दुसऱ्या कारखान्यात जातो, आणि गेलेला चांगला विणकर परत येत नाही. शिवाय त्याच्या घरी पण चूल आहे. म्हणून आम्ही विणत राहिलो. शेजारच्या कारखान्यातही विणत राहिले, त्याच्या शेजारीही. अख्ख्या पेठेत दिवसभर खडखडाट, आणि घ्यायला कुणी नाही.

चादरींनी आधी गोदाम भरलं. मग सोपा. मग माजघरात उतरंडीला खेटून चादरी आल्या आणि शेवटी तुमच्या खोलीत. तीन भिंतींना छतापर्यंत थप्प्या लागल्या, मधल्या पट्टीत तुमचं अंथरूण. मी तुम्हाला विचारलं नव्हतं, हे खरं आहे. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, मग विचारून काय उपयोग होता? तुम्ही थप्प्यांकडे बघत म्हणालात, "धाकटे, येवढ्या चादरी कुणासाठी गं?"

"विकायला."

"पन मानसं तेवडीच हायत की. अंगं वाढली का कुटं?"

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची कुरकुर आहे, दोन दिवसांत विसरतील. तुम्ही विसरणाऱ्यातल्या नव्हता.

पहिला घाव तुम्ही गिऱ्हाइकावर घातलात. वळसंगची एक बाई चादर घ्यायला आली होती. त्या दिवसांत आलेलं ते एकच गिऱ्हाईक. तिची जुनी चादर शेळीनं खाल्ली होती. मी थप्पीतून लाल काढून दाखवली, हिरवी काढून दाखवली, आणि तुम्ही आतून ओरडलात, "जुनी आनलीस का संगं? आन हिकडं." तिनं आणली होती, नव्या चादरीचा अंदाज दाखवायला. तुम्ही ती मांडीवर घेतलीत, मागावरून ताणा उतरवल्यावर उरतात ती सुताची टोकं कचऱ्यातून वेचून आणलीत आणि दुपारभर त्या भोकावर तुणत बसलात. बाई नवी न घेता जुनी घेऊन हसत गेली. कारखानदाराच्या घरातली बाई दारात बसून "नवी घेऊ नगंस" म्हणते, हे सबंध पेठेत फक्त आमच्या नशिबी आलं.

त्यानंतर रांग लागली. वळसंगची, मंद्रूपची, कुठल्या कुठल्या वस्तीवरची माणसं फाटकी गाठोडी घेऊन यायची. सोप्यात नव्या मालाच्या थप्प्या, आणि त्यांना टेकून बसलेली ही माणसं, मांडीवर चिंध्या घेऊन. मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे. आणि तुम्ही नुसतं तुणून देत नव्हता. आधी विचारायच्या, "कशी फाटली?" ते कळल्याशिवाय सुईत दोरा घालायच्या नाहीत. चुलीच्या ठिणगीनं जळली असेल तर तिथं पिवळं-नारिंगी सूत. बैलानं ओढली असेल तर शिंगाचा बाक. आणि आपली चादर दोन्ही अंगांनी नक्षीची असते, एका बाजूला लालावर पांढरं, दुसऱ्या बाजूला पांढऱ्यावर लाल. तुम्ही भोकावर तुणलेलं पानही तसंच उतरायचं, इकडून एका रंगाचं, उलटून बघितलं तर दुसऱ्या. भोक लपवायचं नाही, असा तुमचा हट्ट. रफू म्हणजे दिसू नये ते, असं मी म्हणायचे. तुम्ही म्हणायच्या, "लपवायला काय चोरी केलीया त्येनं? फाटलं म्हंजे पांघारलंय."

तो श्रीपूरचा गडी आठवतो? साखर कारखान्यावरून आला होता, चादरीला गोल, कडा जळालेलं भोक. "उंदरानं खाल्ली," म्हणाला. बायको शेजारी बसली होती, ती भिंतीकडे बघत होती. तुम्ही व्हय व्हय म्हणालात आणि त्या भोकावर एक उंदीर काढलात. उंदराच्या तोंडात बिडी. चादर हातात घेतल्यावर ती बाई अशी हसली की बाहेर मागावरची माणसं डोकावून गेली. गडी तोंड पाडून उभा. मी पण हसले, अक्का. मग आत जाऊन तुमच्यावर चिडले, कारण त्या दिवशीही एक चादर विकली गेली नाही.

सुंदर होतं ते. मानायला माझं काय जातं? सुंदर होतं आणि आम्हाला खड्ड्यात घालत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे तुमच्या डोक्यात कधी शिरलं नाही.

शाळेतले चित्रकलेचे मास्तर आले तेव्हा तर तुम्ही कळसच केलात. बिचारे चपला बाहेर काढून बसले, म्हणाले, "बाई, ही कला आहे. एक चादर द्या, पोरांना दाखवतो." मला वाटलं, चला, आता तरी काही मान मिळेल, घराचं नाव होईल. तुम्ही काय म्हणालात? "पोरांस्नी दावू नगासा. त्यांच्या चादरी फाटल्या असतील तर धाडून द्या." मास्तर म्हणाले, "पण तुम्ही हे करता कशासाठी?" तुम्ही थप्प्यांकडे बोट दाखवलंत. "ह्यो ढीग हाय न्हवं, त्येला अडवतीया." मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा टाकायला उठले. स्वतःच्या घरात कुणी पाहुण्यासमोर असं बोट दाखवतं का?

आणि मग मंदाचं लग्न.

आपल्याकडं चादर अंगावर कमी आणि लग्नाच्या मांडवात जास्त असते, हे तुम्ही नेहमी बोलायच्या. मानपानात मिळालेली चादर कुणी उलगडत नाही. घडी तशीच, वरचा कागद तसाच, पुढच्या लग्नात दुसऱ्याला. तो तिसऱ्याला. "जन्माला येती, चार मांडव बघती आन् उंदराच्या तोंडी जाती," असं तुम्ही म्हणायच्या, "अंगाची ऊब तिला ठावं न्हाय." मी म्हणायचे, असू दे, विकली तर गेली. तुम्हाला त्यावर बोलू देत होते ही माझी चूक नव्हती. घरातलं माणूस काय काय बोलतं, ते करूनही दाखवील असं कोण धरून चालतं?

मंदाच्या लग्नासाठी म्हणून आम्ही मुद्दाम मोरांची नक्षी मागावर चढवली होती. कुर्डुवाडीचे व्याही, रेल्वेतली माणसं, त्यांच्यापुढं कमी पडायला नको. घड्या घालायचं काम मी तुमच्याकडं दिलं. तुम्ही खोलीचं दार लोटून घेतलंत. मला बरं वाटलं, म्हटलं, पुतणीसाठी म्हातारी हौसेनं बसलीय.

मांडवात मानपान सुरू झाला. विहीणबाईंनी चादर हातात घेतली, बोटं कोपऱ्यावर गेली आणि थांबली. त्यांनी घडी उलगडली. नव्या कोऱ्या चादरीच्या कोपऱ्यात भोक पाडून त्यावर हिरव्या सुताचं पान तुणलेलं. दुसरी उघडली, त्यावर निराळं पान. तिसरीवर चिंचेची डहाळी. "ह्या फाटक्या चादरी कुणाच्या मानाच्या?" विहीणबाईंनी विचारलं. आणि बायकांच्या मागून तुमचा आवाज आला, अगदी शांत, भाजी वाढू का विचारावं तसा. "फाटक्या न्हाईत वो. मीच कापल्या आन् मीच तुनल्या. आता म्होरं कुनाला देता येत न्हाईत. पांघराव्या लागतील."

व्याह्यांची माणसं जेवायला उठेनात. मंदा मुंडावळ्या बांधून खाली मान घालून बसलेली. तिच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपकत होतं ते मला अजून दिसतं. हे मी तुम्हाला कधी माफ केलं नाही, आता तुम्ही गेलात म्हणूनही करणार नाही. ह्यांनी टांगा पळवला, घरी जाऊन थप्पीतून त्याच मोरांच्या कोऱ्या चादरी आणल्या आणि मी एकेकीच्या पाया पडून त्या वाटल्या. ऐकताय ना? ज्या ढिगाला तुम्ही अडवत होता त्या ढिगानं माझ्या पोरीचं लग्न वाचवलं. हे तुमच्या तोंडावर सांगायचं राहिलं होतं.

रात्री मंदाची पाठवणी झाल्यावर मी तुमच्या दारात उभी राहिले. "अक्का, माझं नाक कापलंत तुमी." तुम्ही सुईत दोरा घालत होता. मान वर न करता म्हणालात, "आन हिकडं, तुनून देते."

त्यानंतर मी तुमच्याशी बोलले नाही.

अबोला म्हणजे काय ते दोन जावांनाच कळतं. मुकं राहणं नसतं ते. घर चालवायला बोलावं तर लागतंच. मग मी उतरंडीला सांगायचे, "कुणाला चहा पायजे असेल तर झाकून ठेवलाय." तुम्ही भिंतीला सांगायच्या, "कुनाच्या हातचा चा लई गोड झालाय." मी तुम्हाला "कुणी" म्हणायचे, तुम्ही मला "कुनी". पाहुण्यांना वाटायचं, ह्या घरात तिसरी एक बाई राहते आणि सगळं तीच करते. "अक्का" एवढा एक शब्द तोंडात यायचा आणि मी तो गिळायचे. तुमचंही तसंच होत असेल असं मी धरून चालले होते. एकाच ताटाच्या दोन बाजूंनी आपण गव्हले वळत बसायचो आणि दोघींच्या तोंडाला कुलूप.

बोलायची एक नामी संधी तुम्हाला मिळाली होती. ह्यांच्या मावसभावाच्या मुलाचं लग्न झालं, तिथून हे मानाची चादर घेऊन आले. मी कागद काढला. मोरांची नक्षी. आपलीच चादर, मंदाच्या लग्नातली, कुर्डुवाडीहून कुठल्या कुठल्या मांडवांतून फिरत फिरत घरी परत आलेली. घडी एकदाही मोडलेली नव्हती. मी झटकली तर घडीच्या रेषेवर विरलेली, बोट लावलं तिथं फाटली. कुणीही न पांघरता जुनी झालेली. तुम्ही समोर बसून शेंगा सोलत होता. तुम्ही चादरीकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत आणि पुन्हा शेंगा सोलायला लागलात. हसला असता, "बघ, म्या काय म्हनत हुते" असं म्हणाला असता, तर मी दोन शिव्या घातल्या असत्या आणि सगळं पुन्हा सुरू झालं असतं. तेवढं सुद्धा तुम्हाला करवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती चादर माझ्या अंथरुणावर होती. फाटलेल्या घडीवरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या सुताच्या मुंग्यांची रांग चाललेली. मध्येच एक मुंगी उलट्या दिशेनं. मी पुष्कळ वेळ बघत बसले. मग हट्टानं नवी चादर काढून पांघरली.

मग तुमचा खोकला वाढला. डॉक्टर म्हणाले, सुताचा कीस छातीत जातो, त्या खोलीत झोपू नका. मी उतरंडीला सांगितलं, "कुणाला खोकला असेल तर त्यानं सोप्यात निजावं." तुम्ही भिंतीला सांगितलंत, "कुनी ढीग हालवला तर मला हितंच वारं लागंल." ढीग हलवायचा कुठं, अक्का? गोदाम भरलेलं, सोपा भरलेला. विकल्याशिवाय हलत नव्हता आणि तुम्ही विकू देत नव्हता. असं आपण एकमेकींना धरून ठेवलं होतं. शेवटी ह्यांनी तुमची खाट उचलून सोप्यात आणली तर तुम्ही रात्रीतून पुन्हा आत. हात टेकले आम्ही. तुम्ही हट्टानं गेलात, असंच मी सगळ्यांना सांगते. कुणी विचारलं तर पुन्हा सांगेन.

शेवटचे दिवस मी तुमच्या पायथ्याशी बसून असायचे. तुम्ही डोळे उघडायच्या, माझ्याकडं बघायच्या, तोंड हलवायच्या. मी पुढं झुकायचे. पाणी मागायच्या, तेही भिंतीला. "कुनी पानी द्याल का?" मी द्यायचे. तुमचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पाजायचे. माझ्या हाताला तुमच्या मानेचं हाड लागायचं.

तुम्हाला नेलं तेव्हा भावकीतल्या प्रत्येक घरानं एकेक नवं कापड आणलं होतं. तुमच्या भावानं साडी आणली. एकावर एक घालत गेले. तुम्ही खाली कुठं आहात ते दिसेना. मला वाटलं, आता उठतील आणि विचारतील, "अंगं वाढली का कुटं?" स्मशानात ते सगळं काढून बाजूला टाकलं, असं हे म्हणाले. बायका मला म्हणत होत्या, "बोला काहीतरी, एकदा हाक मारा, जाऊ होती तुमची." मी मारली नाही. सगळ्यांच्या देखत हरायला मी काय खुळी आहे? मी ओठ आवळून उभी राहिले आणि माणसं तुम्हाला घेऊन गेली.

इथपर्यंत मी जिंकले होते, अक्का. तुम्ही आधी बोलला नाहीत, पण मीही बोलले नव्हते.

तुम्ही गेल्यापासून बंद होता तो कारखाना आज सकाळी पुन्हा सुरू झाला. मागांचा खडखडाट चालू, मी दारात सडा टाकत होते. एक बाई आली, काखेत गाठोडं. अक्कलकोटकडची असावी, बोलण्यात कानडी हेल. "चादर तुनायची हाय," म्हणाली. माझ्या जिवावर आलं. तिला काय सांगायचं, पहिल्यापासून सगळं सांगायचं का? मी म्हटलं, "राहू दे ती. नवी घेऊन जा, अशीच घेऊन जा, पैसे नको." हे मी म्हटलं. सगळ्या पेठेला विचारा, मी असं कधी कुणाला म्हटलेलं नाही.

"नवी नगं वो," ती म्हणाली. "हितल्या अक्का इचारत्यात म्हनं, कशी फाटली म्हनून. आजपातूर कुनी इचारलं न्हाय. मला सांगायचं हाय त्यास्नी."

ती गाठोडं छातीशी धरून उभी होती. आणि मी वळले, मागांच्या वर आवाज जावा म्हणून तोंडाला हात लावला आणि आतल्या खोलीकडं बघून ओरडले, "अक्का, ओ अक्का, बघा कोण आलंय."

मागावरच्या माणसानं हातातलं काम थांबवून माझ्याकडं बघितलं. मी तशीच उभी, हात तोंडाशी. सड्याची बादली पायाशी. म्हणजे शेवटी आधी मीच बोलले.

बाईला काहीच ठाऊक नव्हतं. ती पायरीवर टेकली आणि गाठोड्याची गाठ सोडायला लागली. "यिऊ द्या त्यास्नी सावकास," म्हणाली, "मला घाई न्हाय."